खाडीतले परवडणारे तरंगते घर : कोल्हापुरातील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील एका मामा-भाच्याचे आहे. मामा व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले सागरी अभियंता आहेत. भाचा शहरातील शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा कारखाना चालवतो आणि साखर कारखान्यांना पाण्याच्या व मळीच्या टाक्या, शिड्या, प्लॅटफॉर्म असे काम पुरवतो. मामींचे माहेर देवगड तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावी आहे. त्यांचे थोरले बंधू तिथे तांडेल, म्हणजे मासेमारी नौकेचे कप्तान, म्हणून आयुष्य काढलेले गृहस्थ असून घरापुढे त्यांचा स्वतःचा छोटा धक्का आहे. आराखड्यातील आकडेमोड तपासण्यासाठी या कुटुंबाने मला बोलावले होते. त्यांच्याच संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, हे टिपण लिहीत आहे.

तरंगत्या घराची कल्पना कुटुंबात आली ती महापुरामुळे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी मामांच्या तळमजल्यात शिरले. घरातले कपाट, पलंग, शिलाई यंत्र पाण्याखाली गेले. मात्र अंगणातली प्लास्टिकची रिकामी टाकी दोरीला बांधलेली असल्याने जागच्या जागी तरंगत राहिली आणि पाणी उतरल्यावर होती तिथेच टेकली. मामांनी त्यानंतर तरंगत्या घरांचा अभ्यास सुरू केला. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयबर्ग भागातील काँक्रीटच्या कुंडांवर उभी असलेली घरे, काश्मीरच्या दल सरोवरातील हाउसबोटी, केरळातील केट्टुवळ्ळम हे सगळे त्यांनी बारकाईने पाहिले. मात्र त्यांचे मन नदीपेक्षा समुद्राकडे ओढत होते. नोकरीची सगळी वर्षे ज्या पाण्यावर गेली, त्याच पाण्यावर उरलेले आयुष्य काढावे, ही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

समस्या

मामांनी सुरुवातीला मांडलेली मागणी स्पष्ट होती. दोन माणसांना कायम राहता येईल असे, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि ओसरी असलेले घर समुद्रात उभे करायचे, आणि एकूण खर्च वीस लाखांच्या आत ठेवायचा. त्यांच्या मते हा आकडा शहरातील बऱ्या फ्लॅटच्या निम्म्याहून कमी असल्यामुळेच या खटाटोपाला अर्थ होता. घरकर्जाचा मार्ग बंद होता, कारण तारण ठेवायला खाली जमीनच नव्हती. जे काही करायचे ते निवृत्तीच्या रकमेतून.

भाच्याने या मागणीकडे टाकी बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिले. त्याचे पहिले अंदाजपत्रक नऊ लाखांचे होते. त्यात तरंगणारा पाया, त्यावरचा सांगाडा आणि खोल्या यांचा तपशील उत्तम होता. घर जागेवर बांधून ठेवण्यासाठी मात्र चार काँक्रीटचे ठोकळे आणि नायलॉनचा दोर असे मिळून फक्त पस्तीस हजार धरले होते. सांडपाणी, परवानग्या आणि घाटातून वाहतूक यांचे रकाने रिकामेच होते. हे घर कुठे उभे राहणार, याबद्दल कागदावर ‘समुद्रात, देवगडजवळ’ एवढेच लिहिलेले होते. माझ्या मते या प्रकरणातील पुढचे जवळजवळ सर्व अवघड निर्णय या एका मोघम ओळीतून निघाले, कारण तरंगत्या घराची किंमत आणि त्याची सुरक्षितता ही दोन्ही सर्वांत आधी जागेवर आणि हंगामावर ठरतात.

तपासलेले पर्याय : खुला समुद्र की खाडी

पहिला पर्याय खुल्या समुद्राचा होता. मामांच्या डोक्यात उभ्या नळीवरचे घर होते. पाण्याखाली खोलवर जाणारी, तळाशी वजन भरलेली एक जाड नळी आणि तिच्या माथ्यावर, लाटांच्या वर राहणारी खोली, अशी ही रचना असते. पाण्याच्या पृष्ठभागाशी नळीचा छेद लहान असल्यामुळे लाट आली तरी घर फारसे वरखाली होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तेल उत्खननाच्या काही तरंगत्या मंचांमागे हेच तत्त्व असते. पण ज्या गुणामुळे ते स्थिर राहते, त्याच गुणामुळे त्याला खोल पाणी लागते. वादळ आले म्हणून ते खाडीत आणून ठेवता येत नाही. शिवाय नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सात पट सोडावी लागते. खोली तीस मीटर धरली, तरी एका दिशेला दीडशे ते दोनशे मीटर साखळी, आणि अशा किमान तीन दिशा. या साखळीच्या आणि ती टाकणाऱ्या बार्जच्या खर्चातच मामांची सगळी रक्कम संपली असती.

कायद्याची बाजूही कच्ची होती. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा पट्टा भारताचा प्रादेशिक समुद्र आहे आणि त्यापलीकडेही, दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, कृत्रिम बेटे आणि बांधकामे उभी करण्याचा अधिकार १९७६ च्या कायद्याने देशाकडे राखून ठेवलेला आहे. बारा मैलांच्या बाहेर गेले की कुणाला विचारावे लागत नाही, हा समज या विषयात सर्रास आढळतो. २०१९ साली थायलंडमधील फुकेतजवळ अशाच समजुतीने उभे केलेले एका जोडप्याचे नळीवरचे घर थाई नौदलाने ताब्यात घेऊन किनाऱ्याला आणले. मामांनी ही हकीकत वाचलेली होती, तरी त्यांना ती आपल्याला लागू होईल असे वाटत नव्हते.

त्यांचे मत बदलले ते मामींच्या बंधूंशी झालेल्या बोलण्यात. मामा तांडेलांना ‘दादा’ म्हणतात. दादांनी कायद्याचा किंवा साखळीचा विषयच काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “भावजी, आषाढात तुमी खंय ऱ्हवतलास?” मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या बंदीमागे माशांच्या विणीचा विचार आहे, हे खरे. पण त्या दिवसांत समुद्रही नौकेला घेण्यासारखा नसतो. कोकणातली माणसे आपल्या होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदी बांधली गेली, त्यामागेही आतल्या पाण्याचा हाच आसरा होता. मोठ्या गलबतांनाही जिथे पावसाळ्यात आडोसा लागे, तिथे दोन माणसांच्या घराने उघड्यावर उभे राहण्याचा आग्रह धरणे योग्य नव्हते.

निर्णय झाला तो असा : घर खाडीत, दादांच्या धक्क्यासमोर राहील, दसऱ्यानंतर ते पाण्यात जाईल आणि पावसाळ्यापूर्वी काठाला येईल, पावसाळ्याचे महिने मामा-मामी कोल्हापुरात काढतील. मामांनी हा निर्णय मान्य केला, पण जड मनाने. मला मात्र हाच या प्रकरणातील सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो, कारण ‘परवडणारे’ हा शब्द या क्षणापासून शक्यतेच्या कक्षेत आला.

तपासलेले पर्याय : तरंगणारा पाया

जागा ठरल्यावर पायाचा विचार सोपा झाला. लाकडी जुना ट्रॉलर घेऊन त्याचे घर करावे, हा पर्याय दादांनीच लगेच मोडीत काढला. जुन्या लाकडाची डागडुजी दरवर्षी वाढतच जाते. दोनशे लिटरच्या निळ्या पिंपांचा तराफा सर्वांत स्वस्त पडत होता. आपल्याकडे धरणांच्या फुगवट्यात शेतकरी उपशाची मोटार अशाच तराफ्यावर ठेवतात. परंतु दहा टन भार अर्ध्या बुडालेल्या पिंपांवर तोलायचा तर सुमारे शंभर पिंपे लागतात, म्हणजे शंभर झाकणे आणि त्याहून जास्त पट्टे, आणि त्यांपैकी कुठले कधी गळू लागेल याचा भरवसा नाही.

फेरोसिमेंटचा पर्याय मला स्वतःला आवडणारा होता. १८४८ साली फ्रान्समध्ये लांबो याने जाळीवर सिमेंटचा लेप देऊन होडी बनवली, तेव्हापासून हे तंत्र नौकांसाठी वापरले गेले आहे आणि त्याचे साहित्य कुठल्याही गावात मिळते. पण असा पाया काठावरच बांधावा लागतो, लेप सलग द्यावा लागतो, त्याला नीट पाणी मारावे लागते, आणि जाळीवरचे आवरण कुठे पातळ राहिले तर खारे पाणी आतल्या तारेपर्यंत पोहोचते. ते काम जाणणारे गवंडी त्या गावात नव्हते आणि कोल्हापुरात बांधून ते घाटातून नेणे शक्य नव्हते.

उरले पोलाद आणि एचडीपीई, म्हणजे जाड, टिकाऊ प्लास्टिकचा पाइप. भाच्याचा कल अर्थातच पोलादाकडे होता. पाच मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे, ८०० मिलिमीटर व्यासाचे चार बंद पाइप, प्रत्येकी दहा मीटर लांब, त्याच्या कारखान्यात सहज झाले असते. त्यांचे वजन सुमारे चार टन भरत होते आणि खर्चही एचडीपीईपेक्षा दीडेक लाखाने कमी येत होता. परंतु समुद्राच्या पाण्यात पोलाद सर्वांत लवकर गंजते ते पाण्याच्या रेषेच्या आसपास, जिथे ते सतत ओले-सुके होत राहते. आणि या घराची पाण्याची रेषा पाइपाच्या बरोबर मध्यावर येणार होती. म्हणजे सँडब्लास्टिंग, इपॉक्सी रंग, पोलादाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळे, आणि दर एक-दोन वर्षांनी सगळे घर उचलून पुन्हा रंगकाम. मामांनी इंजिनरूममध्ये गंजाशी आयुष्यभर झुंज दिलेली असल्यामुळे त्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

एचडीपीईचा पाइप कोल्हापूरला नवा नाही. उपसा सिंचन योजनांसाठी नदीपासून माळापर्यंत तो सर्रास टाकला जातो आणि त्याचे सांधे जोडणारे कुशल लोक जिल्ह्यात आहेत. या पाइपाचे घनत्व पाण्यापेक्षा थोडे कमी असते, तो गंजत नाही, काळ्या रंगातील कार्बनमुळे उन्हाला टिकतो आणि त्यावर बसलेले शिंपल्यांचे थर खरवडून काढता येतात. चार पाइपांचे मिळून वजन सुमारे २.८ टन येत होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असा पाया ओहोटीला गाळावर टेकला तरी त्याला इजा होत नाही, आणि पावसाळ्यासाठी घर काठावर टेकवायचे तर आधीच ठरलेले होते. भाच्याने एचडीपीईला होकार दिला. वरचा सांगाडा मात्र पोलादाचाच, गॅल्व्हनाइझ केलेला, आणि तो आपल्याच कारखान्यात होईल, ही त्याची अट सर्वांनी मान्य केली.

घराची लांबी ठरली ती फोंडा घाटाच्या वळणांवर. मामांना बारा मीटर हवे होते. नेहमी राधानगरीमार्गे माल उतरवणाऱ्या ट्रकचालकाने दहा मीटरच्या पुढचा पाइप नेण्यास साफ नकार दिला, आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले.

वजनाची वही

८०० मिलिमीटरच्या पाइपाचा एक मीटर तुकडा पूर्ण बुडाला, तर तो सुमारे ५१५ किलो खारे पाणी बाजूला सारतो. चाळीस मीटरचे मिळून साधारण साडेवीस टन होतात. पाइप अर्धेच बुडू द्यायचे ठरवले, तर सगळे मिळून सव्वादहा टन वजन चालते. त्यातून पाइपांचे स्वतःचे वजन वजा केले की सांगाडा, फळ्या, खोल्या, पाणी, सामान आणि माणसे यांच्यासाठी साडेसात टन उरतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण सांगाड्याला दोन टन, फळ्यांना सव्वा टन, पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फलकांच्या) खोल्यांना दीड टनाहून जास्त आणि भरलेल्या पाण्याच्या टाकीला एक टन दिल्यावर संसारासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.

इथे मामींनी जे केले, ते या प्रकरणातील सर्वांत शिस्तबद्ध काम होते. त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि घरात जाणारी प्रत्येक वस्तू कारखान्यातील वजनकाट्यावर ठेवून तिची नोंद केली. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलो, गाद्या, भांड्यांचा रॅक, बॅटऱ्या, अवजारांची पेटी, सगळे त्यात आले. तांब्याचा बंब आणि पाटा-वरवंटा यांच्यापुढे त्यांनी स्वतःच काट मारली. वही केवळ वजनाची नव्हती. प्रत्येक नोंदीपुढे वस्तू घराच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवायची तेही लिहिलेले होते, म्हणून स्वयंपाकघराकडची बाजू जड होते आहे हे बांधकामाआधीच दिसले आणि पाण्याची टाकी विरुद्ध कोपऱ्यात गेली. तरंगते घर बांधू इच्छिणाऱ्याने नकाशाच्या आधी ही वही मागावी, असे माझे ठाम मत आहे.

खणीतील चाचणी

पाइप आणि सांगाडा कोकणात नेण्यापूर्वी शहराबाहेरच्या एका खासगी दगडखाणीत, म्हणजे पाणी साठलेल्या खणीत, ते जोडून पाहायचे ठरले. सुमारे २१० अंशांपर्यंत तापलेल्या प्लेटवर पाइपाची दोन्ही तोंडे धरायची, प्लेट काढून घ्यायची आणि तोंडे एकमेकांवर दाबून धरायची, अशी ही सांध्याची रीत. सांध्याभोवती आत-बाहेर सारखी, गोल किनार उमटली तर सांधा चांगला. प्रत्येक पाइपात मध्यभागी आडवी भिंत घालून दोन कप्पे केले होते आणि त्यांत थर्माकोलचे ठोकळे भरले होते, जेणेकरून एखाद्या कप्प्याला भोक पडले तरी आत शिरणाऱ्या पाण्याला जागा कमी राहावी.

एप्रिलच्या उन्हात काठावर सांगाडा बसवताना पहिली अडचण दिसली. भाच्याने पाइप सांगाड्याला दोन्ही टोकांना आवळून बांधले होते. सकाळी पट्ट्याच्या कडेला खडूने मारलेली खूण दुपारपर्यंत पट्ट्यापासून बोटभर सरकली होती आणि पाइप मधोमध स्पष्टपणे बाकलेला दिसत होता. पोलाद तापले तर दहा मीटरमागे काही मिलिमीटरच वाढते. एचडीपीई त्याच्या पंधरा पटींच्या आसपास वाढते, आणि काळा पाइप कोल्हापूरच्या उन्हात किती तापतो हे हात लावल्यावर कळते. यावर दोन उपाय होते. एक, पट्टे आणखी जाड करून पाइप जागच्या जागी दाबून धरायचा. दुसरा, त्याला सरकू द्यायचे. दुसरा स्वीकारला गेला. प्रत्येक पाइप मध्यभागी एकाच ठिकाणी पक्का केला आणि बाकीच्या पट्ट्यांत रबराचे अस्तर देऊन त्याला लांबीत सरकण्याची मोकळीक ठेवली. टाक्यांच्या कामात अशी मोकळीक ठेवण्याची वेळ कधी येत नसल्यामुळे कारखान्यातील मिस्त्रींना ती ढिलाई वाटत होती. भाच्याने त्यांना खूण पुन्हा मारून दाखवली.

मग पाण्यात वाळूची पोती रचून पूर्ण भार देण्यात आला. पाइप अपेक्षेपेक्षा सेंटिमीटरभर जास्त बुडाले, आणि ते तसेच व्हायला हवे होते, कारण खणीतले पाणी गोडे आणि समुद्राचे पाणी त्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. दहा माणसे एका कडेला उभी केली, तेव्हा ती कड साधारण पाच सेंटिमीटर खाली गेली. उलटण्याची भीती या रचनेला जवळजवळ नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

पण त्याच चाचणीत दुसरी गोष्टही दिसली. माणसे एकदम बाजूला झाली की तराफा हळू डुलत नव्हता; दीड-दोन सेकंदांत झटक्याने परत येत होता. रुंद आणि हलकी रचना जितकी ताठ, तितका तिचा झटका जलद. खुल्या समुद्रात अशा घरात माणूस फार काळ राहू शकला नसता. मामांनी हे स्वतः अंगावर अनुभवले आणि त्यानंतर खुल्या समुद्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नांगर आणि घराची दिशा

पस्तीस हजारांच्या त्या रकान्याकडे आम्ही सर्वांत शेवटी वळलो आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. घराची बाजू सुमारे पंचवीस चौरस मीटर वारा अडवते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर साधारण दीड टन जोर येतो. वेग १४० वर गेला की तोच जोर तीन टनांच्या जवळ जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दुसरीकडे, एक टनाचा काँक्रीटचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५७० किलोंचा उरतो. भाच्याचे मूळचे अर्ध्या टनाचे चार ठोकळे मिळून पाण्याखाली बाराशे किलोही भरत नव्हते.

अखेरची योजना दादांच्या सल्ल्याने झाली. चारही कोपऱ्यांना दीड टनाचा ठोकळा, त्याच्या पुढे गाळात रुतणारा लोखंडी नांगर, आणि दोन्हींना जोडणारी जड साखळी तळाशी लोळत राहील इतकी लांब. धक्क्यालगत खांब रोवून त्यांवर कड्या सरकत राहतील, अशी डच घरांसारखी रचना करावी हा पर्यायही होता आणि तो अधिक नीटनेटका ठरला असता. परंतु भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कायमचे खांब रोवणे हे किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार वेगळ्या परवानगीचे काम होते.

घराची दिशा हा मतभेदाचा खरा मुद्दा ठरला. मामांना ओसरी पश्चिमेला हवी होती. तसे केले असते तर चारही पाइप खाडीच्या ओढीला, म्हणजे प्रवाहाला, आडवे आले असते. उधाणाच्या ओहोटीला पाणी जोरात बाहेर पडते, आणि ओढीचा वेग दुप्पट झाला की साखळीवरचा ताण चौपट होतो. शिवाय वाहून येणारे ओंडके आणि झावळ्या पाइपांत अडकतात. दादांनी घर ओढीच्या दिशेने लावण्याचा आग्रह धरला आणि मामींनी भावाची बाजू घेतली. ओसरी वायव्येला गेली.

घर आत ओढण्याच्या तारखेवरही चर्चा झाली. गावातील नौका मे महिन्याच्या अखेरीस वर येतात, म्हणून दादांना तीच वेळ पुरेशी वाटत होती. मामांनी निसर्ग आणि तौक्ते या दोन चक्रीवादळांच्या तारखा पुढे ठेवल्या. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. तौक्ते मात्र मे २०२१ च्या मध्यावरच कोकणाला घासून गेले. तेव्हा १० मेच्या आधीच्या उधाणाच्या भरतीला घर दादांच्या जागेत टेकवायचे आणि जमिनीत पुरलेल्या ठोकळ्यांना बांधायचे, असे ठरले.

गावाचा प्रश्न

खाडीत ओहोटीला गावातील बायका तिसऱ्या आणि कालवे हे खाण्याचे शिंपले गोळा करतात. अनेक घरांची रोजची मिळकत त्यावर चालते. घराची बातमी पसरल्यावर त्यांनी मामींना थेट विचारले की संडासाचे पाणी कुठे सोडणार. हा प्रश्न रास्त होता आणि तो आराखड्यात आधीच सुटलेला असायला हवा होता. खाडीत काहीही सोडायचे नाही, हे तत्त्व ठरल्यावर भुसा वापरून चालणारा कोरडा संडास निवडला गेला आणि मोरीचे पाणी एका टाकीत साठवून काठावरच्या शोषखड्ड्यात नेण्याची सोय झाली. त्या टाकीच्या वजनासाठी मामींच्या वहीतून पिण्याच्या पाण्याची राखीव पिंपे वगळावी लागली. पाणी आता दर आठवड्याला धक्क्यावरून भरून घेतात.

परवानगीच्या बाबतीत घराची गणना इंजिन नसलेल्या, ओढून न्यावयाच्या जलयानात झाली आणि हंगामापुरते, खासगी धक्क्यासमोर नांगरून ठेवण्याची मुभा मिळाली. कायमच्या निवासाची परवानगी मिळालेली नाही. या कामाला बांधकामापेक्षा जास्त महिने गेले.

निष्पत्ती

एकूण खर्च वीस लाख ऐंशी हजार झाला. पाइप आणि सांधे साडेपाच लाख, सांगाडा तीन, फळ्या दीड, खोल्या साडेचार, नांगर-साखळी दोन, सौर वीज, पाणी आणि संडास मिळून दोन लाख वीस हजार, वाहतूक आणि क्रेन एक लाख तीस हजार, आणि मोजणी, तपासणी व परवानग्या ऐंशी हजार. पहिल्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहता पाया आणि खोल्यांची वाढ समजण्याजोगी आहे. नांगराचा खर्च मात्र जवळजवळ सहा पट झाला.

पहिला हंगाम दसऱ्यानंतर सुरू झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपला. घर कोरडे राहिले, पाइप ठरल्याप्रमाणे निम्मेच बुडाले, वीज पुरली. ट्रॉलर जवळून गेला की अपेक्षेप्रमाणे झटके बसत. मामींनी मांडणीला कडा लावून घेतल्या आणि दादांनी नौकावाल्यांना धक्क्याजवळ वेग कमी करण्याची विनंती केली, जी बहुतेकांनी पाळली.

गंभीर म्हणावा असा एकच प्रसंग घडला. एका अमावास्येच्या उधाणाला, सायंकाळच्या जोराच्या वाऱ्यात, नैर्ऋत्य कोपऱ्याचा नांगर सुटला आणि ठोकळा काही मीटर घसरला. उरलेल्या तीन साखळ्यांनी घर धरून ठेवले, पण ते तिरके झाले आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. दादांनी रात्री होडीतून जादा नांगर टाकला. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला कारण सापडले : त्या कोपऱ्याखाली गाळाऐवजी शिंपल्यांचा कठीण थर होता आणि नांगराचा फाळ त्यात रुतलाच नव्हता.

वेगळे काय करता आले असते

तळाची तपासणी हे त्याचे पहिले उत्तर आहे. बांधकामाच्या आधी, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या, संथ पाण्यात, होडीतून लोखंडी सळई खुपसत प्रत्येक कोपऱ्याखालचा तळ पाहिला असता तर एक दिवस गेला असता आणि मजुरीपलीकडे खर्च आला नसता. चारही साखळ्यांची लांबी तळ न पाहता सारखी धरली गेली, हीही त्याच बाबीची दुसरी बाजू.

दुसरी बाब क्रमाची आहे. जागा, हंगाम, नांगर, सांडपाणी आणि त्यानंतर पाया, या क्रमाने विचार झाला असता तर पोलादाच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात आणि नळीवरच्या घरावर घालवलेले महिने वाचले असते. दादांना पहिल्या बैठकीलाच बोलावले असते तर हे आपोआप घडले असते. ते घरातलेच होते, पण त्यांचे ज्ञान आराखड्याला लागेल असे कोल्हापुरात कुणाला सुचले नाही. गावातील बायकांच्या बाबतीतही तेच.

परवानगीबद्दल मी अधिक साशंक आहे. मामांना पुढे मागे कायमच्या निवासाची परवानगी मिळेल अशी आशा आहे. मला वाटते की त्यांनी हंगामी मुभेवरच घराचा हिशेब बसवावा आणि कोल्हापूरचे घर विकण्याचा विचार सोडून द्यावा. मामींचेही तेच मत आहे आणि सध्या तरी ते घर विकलेले नाही.

पुढच्या हंगामासाठी नैर्ऋत्येचा ठोकळा घरापासून आणखी आठ मीटर दूर, मऊ गाळाच्या पट्ट्यात सरकवायचा आहे. सळईने तपासलेल्या त्या जागेवर दादांनी बांबू रोवून ठेवला आहे. त्या बाजूची साखळी तेवढ्याने लांबवावी लागेल, म्हणून तिचे वाढलेले वजन मामींनी वहीत आधीच मांडले आहे आणि त्याच्या बदल्यात ओसरीवरची लोखंडी बाके काढून वेताची ठेवायचे ठरले आहे.